मोबाइलला स्टायलस पेन: कामाचा की नुसता शोभेचा?

धुऱ्यावरून

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली अन् सातबाऱ्यावरचा पेरा मोबाइलवर नोंदवायची वेळ आली. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर, बँक, गॅस, केवायसी, सगळं बोटावर. कापूस वेचणीच्या दिवसांत बोटं कशी होतात ते इथे कोणाला सांगायची गरज नाही. बोंडाच्या सुकल्या टोकांनी ओरखडलेली, भेगाळलेली, कोरडी ठाक. टच लागत नाही, लागला तर खालच्या ओळीला लागतो. कपाशीच्या जागी तूर निवडली जाते अन् पुढे दुरुस्तीसाठी चकरा.

आठवडी बाजारात रबरी टोकाचा पेन ३०-५० रुपयांत मिळतो. ऑनलाइन चकतीवाला दीड-दोनशेत, चार्जिंगवाला पाचशे-हजारापासून पुढे. यात फरक काय, आठ-दहा हजारांच्या साध्या फोनवर कोणता चालतो, अन् मुळात पेन लागतो कोणाला, हे जाणकारांनी खोलात जाऊन लिहावं. "घेतला, मस्त आहे" एवढ्यावर थांबू नका राजेहो.

सोल्डर_फ्लक्स

पेनाच्या आधी काच समजून घ्या, बाकीचं आपोआप कळतं.

आजचा टच दाबावर चालत नाही. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक पट्ट्या असतात, काही उभ्या, काही आडव्या. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे थोडा विद्युतभार धरलेला असतो. माणसाच्या अंगात पाणी अन् क्षार आहेत, म्हणून बोट जवळ आलं की त्यातला काही भार बोटाकडे ओढला जातो. किती कमी झाला ते टचची चिप मोजते. पट्ट्यांमधलं अंतर साधारण ४-५ मिलिमीटर. म्हणजे चिप एका छेदावर विसंबत नाही, आजूबाजूच्या चार-सहा छेदांवरचा फरक पाहून त्यांचा मध्य काढते, तोच तुमचा टच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, टोक वीजवाहक हवं अन् ते तुमच्या हातापर्यंत जोडलेलं हवं. दोन, टोक फार बारीक असेल तर फरक इतका कमी पडतो की चिप त्याला गोंधळ समजून सोडून देते. म्हणून साध्या पेनाचं टोक ५-७ मिलिमीटरचं, बोंगळ असतं. कंपनीला बारीक करता येत नाही असं नाही, बारीक केलं तर काच ते ओळखत नाही.

२००८ च्या नोकिया ५८०० मध्ये दाबाचा टच होता. दोन थर एकमेकांना टेकले की काम. त्यावर नख, काडी, झाकण काहीही चालायचं, पेन फोनसोबतच यायचा. घरात तसला पेन पडला असेल तर आजच्या फोनसाठी तो प्लास्टिकची काडी आहे.

तुरीच्या_शेंगा

मंग सोल्डर भाऊ, बोट लागत नाही अन् त्याच हातात धरलेला पेन लागतो, हे कसं काय?

सोल्डर_फ्लक्स

चांगला प्रश्न. घट्टे पडलेल्या बोटाची टोकाची कातडी जाड अन् कोरडी असते, काचेला टेकतो तो भागही जरासाच, कारण घट्टा काचेवर पसरत नाही. पेन मात्र तीन बोटं अन् तळव्याच्या कडेनं धरला जातो. तिथे जागा भरपूर, शिवाय घाम. हातापासून पेनापर्यंतचा रस्ता रुंद होतो अन् टोक मऊ असल्यामुळे काचेवर पूर्ण पसरतं.

ताडून पाहायचं तर पेन्सिल सेल घ्या, त्याची सपाट बाजू काचेवर हलकेच टेकवा. बोट लागत नाही अन् सेल लागतो, तर काच ठीक आहे, अडचण बोटात आहे. दोन्ही लागत नाहीत तर पेनावर पैसे घालू नका, अडचण काचेत नाहीतर तिच्यावरच्या गार्डमध्ये आहे. सेल घासू मात्र नका, नुसता टेकवायचा.

टाइप_सी

गार्डबद्दल जोडतो. नेहमीचा टेम्पर्ड ग्लास ०.३३ मिलिमीटरच्या आसपास असतो, पूर्ण चिकटलेला असेल तर टचला काही फरक पडत नाही. गडबड तीन ठिकाणी होते. जुन्या फुटक्या गार्डवरच नवा लावतात. वाकड्या कडेच्या फोनला फक्त कडेनं गोंद असलेला ग्लास लावतात, मग मध्ये हवेची पोकळी राहते अन् नेमका मधला भाग सुस्त होतो. तिसरं म्हणजे गार्डखाली गेलेली धूळ, तीही काच उचलून धरते.

सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत सेटिंग, डिस्प्ले, मग टच सेन्सिटिव्हिटी असा पर्याय आहे. तो चालू करा. काही कंपन्या त्यालाच ग्लव्ह मोड म्हणतात. कोरड्या बोटांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, फुकटात. तोटा एवढाच की खिशात आपोआप टच लागण्याचं प्रमाण थोडं वाढतं.

अन् चार्जर! फोन चार्जिंगला असताना टच उड्या मारतो, कीबोर्ड आपोआप टाइप करतो, ही तक्रार घेऊन लोक डिस्प्ले बदलायला येतात. स्वस्त चार्जरमध्ये गाळणी नीट नसते, विजेचा गोंगाट फोनच्या अंगात उतरतो अन् चिपला बोट कोणतं, गोंगाट कोणता ते कळत नाही. साध्या पेनाचा इशारा बोटापेक्षा कमजोर, म्हणून पेनाला हा त्रास आधी जाणवतो. वायर काढा अन् पुन्हा पाहा. थांबलं तर दोष चार्जरचा.

सिस्टर_उपकेंद्र

बोटांचं मी सांगते. कोरड्या भेगाळलेल्या बोटाला खोबरेल लावून लगेच मोबाइल घेतात, त्याने टच सुधारत नाही. तेल वीज वाहत नाही, वरून काचेवर थर बसतो. हात कोमट पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवा, पुसा, मग ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब तेवढ्याच पाण्यात मिसळून बोटांच्या टोकांना चोळा अन् पाच मिनिटांनी कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, कातडी मऊ होते, टच लागतो. खोबरेल रात्री झोपताना लावा, भेगांसाठी ते चांगलंच.

बोटाची मधली बाजू वापरून पाहा. टोकावर घट्टा असतो पण पहिल्या पेराचा फुगीर भाग मऊ असतो. करंगळीही बरेचदा चालते, तिला काम कमी.

आधारच्या मशीनवर अंगठा लागत नाही ती गोष्ट वेगळी, तिथे पेनाचा काही संबंध नाही. रेषाच झिजलेल्या असतात. तिथे डोळ्यांचा किंवा चेहऱ्याचा पर्याय आहे का ते विचारायचं.

कपाशी_ते_कापड

फवारणीचं कोणीतरी लिहा. औषधाचे हात अन् मोबाइल.

सिस्टर_उपकेंद्र

लिहायलाच हवं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरायसारखं नाही. औषधाच्या हातानं फोन घेतला की औषध काचेवर, तिथून गालावर, मग तोच फोन पोराच्या हातात. पेन घेतल्यानं हे टळत नाही, औषध पेनाला लागतं अन् पेन खिशात जातो. पंप खाली ठेवा, हातमोजे काढा, साबणानं हात धुवा, मगच फोन. फोन शेतात न्यावाच लागत असेल तर पातळ पारदर्शक पिशवीत बंद करून न्या. त्या प्लास्टिकवरून बोटाचा टच लागतो अन् पिशवी फेकता येते.

टाइप_सी

हातमोज्यांचं गणित असं. दवाखान्यातले पातळ नायट्राइलचे मोजे ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यातून बोटही लागतं अन् साधा पेनही. फवारणीचे जाड रबरी मोजे घातले की दोन्ही बंद, कारण पेनाचा हाताशी संबंधच तुटतो. तिथे फक्त चार्जिंगवाला पेन चालतो, तो स्वतःचा इशारा स्वतः तयार करतो. पण ताईंनी लिहिलं तेच खरं, त्या मोज्यांनी फोनला हात लावूच नये.

दर्यापूरकर

३० रुपयेवाला अन् दीडशेवाला, यात पैसे कशाचे?

जुगाड_अन्_पक्कड

टोकाचे. बाजारात साधे पेन तीन तऱ्हेचे दिसतात.

काळं रबरी बोंड: आतून पोकळ, रबरात कार्बन घातलेला. नवं असताना बरं चालतं. मग काचेवर घासून घासून कोरडं होतं, ओढताना अडतं, शेवटी टोकाला भोक पडतं. उन्हात मोटरसायकलच्या डिकीत राहिलं तर रबर चिकट होतं अन् धूळ धरतं. विकत घेताना बोंड दाबून पाहा, हलकं दबून लगेच परत फुगलं पाहिजे. लोखंडासारखं कडक असेल तर जोर द्यावा लागेल, अन् जोर देऊन टच लागत नसतो.

जाळीदार कापडाचं टोक: धातूचा धागा विणलेलं, राखाडी दिसतं. रबरापेक्षा सरकतं छान, टिकतं जास्त. पाच-सात मिलिमीटरचंच असतं, पण फॉर्म भरणं, बटणं दाबणं, कीबोर्ड, यासाठी माझ्या मते हेच घ्यावं. साठ-सत्तरपासून शंभराच्या आतबाहेर मिळतं.

पारदर्शक चकती: बारीक धातूच्या टोकाला फिरत्या सांध्यावर प्लास्टिकची चकती. चकती काचेला मोठी जागा देते अन् तिच्यातून तुम्हाला मधला बिंदू दिसतो. रकाना लहान असेल, नकाशावर गट नंबर निवडायचा असेल, तर हीच. महाभूनकाशावर, म्हणजे जमिनीच्या गटांचा सरकारी ऑनलाइन नकाशा, त्यावर छोटे गट दाबताना बोटाखाली तीन गट झाकतात, चकतीला एक दिसतो. पण सांधा ढिला झाला की चकती तिरपी बसते अन् रेघ तुटते. भरभर दोनदा टिचकी मारली तर दुसरी चुकते, कारण चकती उचलल्यावर लटकते. पाकिटात दोन-तीन चकत्या जास्तीच्या येतात का ते पाहूनच घ्या, सुटी चकती आपल्याकडे तालुक्यालाही सापडायची नाही.

अन् दांडा धातूचाच हवा. प्लास्टिकच्या दांड्याला नुसता चांदीचा रंग मारून विकून राहिले. मल्टिमीटर असेल तर एक काडी टोकाला, एक दांड्याला लावा. काही किलो-ओहमपर्यंत आकडा आला तर चालेल. काहीच दाखवत नाही तर तो पेन दुकानातच राहू द्या.

मी_फक्त_वाचतो

काचेवर ओरखडे पडतात म्हणतात त्याचं काय? पोरांच्या हाती द्यायचा आहे.

जुगाड_अन्_पक्कड

रबर, कापड, प्लास्टिकची चकती, यातलं काहीच काचेपेक्षा कडक नाही. ओरखडा पाडतो तो धुळीतला वाळूचा कण. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापावर ७ ला बसतो, फोनच्या काचेवर ६-७ पासून ओरखडे पडू लागतात. शेतातून आलं की काच आधी ओल्या, मग कोरड्या सुती कापडानं पुसा, पेनाचं टोकही पुसा. चकतीखाली कण अडकला तर तो गोल गोल फिरतो अन् काचेवर चंद्रकोरी उमटतात. रबरात कण रुततो अन् तिथेच बसतो, म्हणून रबराचं टोक जास्त तपासा.

रिकामा_कट्टा

पेन-बिन कायले पाहिजे बाप्पा, बोलून टाइप होते ना. माइकचं चिन्ह दाबा अन् मराठीत बोला, झालं.

खडू_फळा

निरोप लिहायला होतं. गट नंबर, खाते क्रमांक, आधारचे बारा आकडे, चौकात उभं राहून मोठ्यानं बोलणार का? फॉर्ममधली टिक, खाली सरकणारी यादी अन् तारीख निवडायची चौकट बोलून होत नाहीत.

पेनाचा एक उपयोग इथे अजून आला नाही, हातानं मराठी लिहिणं. कीबोर्डवर जोडाक्षरं जमत नाहीत पण लिहिता येतं, अशा मोठ्या माणसांसाठी फार सोपं. जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये भाषा, कीबोर्ड जोडा, मराठी निवडा, अन् वरच्या पट्टीतल्या प्रकारांतून हस्तलेखन घ्या. कीबोर्डच्या जागी कोरी पाटी येते. त्यावर शब्द लिहा, तो वर उमटतो. पुढचा शब्द थोडा थांबून लिहा, घाई केली तर दोन शब्द एकात शिरतात. अक्षर पाटीच्या उंचीच्या निम्मं तरी काढा. पाटी बुटकी वाटली तर त्याच सेटिंगमध्ये कीबोर्डची उंची वाढवता येते.

बोटानं हे होतं, पण मात्रा, रफार अन् अनुस्वार देताना बोट आपल्याच अक्षरावर बसतं, खाली काय आहे दिसत नाही. "कर्ज" चा रफार कुठे पडला ते पेनाला दिसतं. जाळीदार टोक पुरतं, चकती नको, कारण टिंब देताना ती लटकते.

तळवा काचेला लागू देऊ नका. साध्या फोनला पेन अन् तळवा यातला फरक कळत नाही, तळवा टेकला की तोही टच. फोन डाव्या हातात उभा धरा, उजवा हात अधांतरी ठेवा. अर्ध्या तासात खांदा भरून येतो, म्हणून लांब लिखाण फोनवर पेनानं करू नये हे माझं मत. गणिताचे तास मोबाइलवर पेननं घेऊ पाहणाऱ्या सरांनाही हेच सांगेन, साडेसहा इंची काचेवर एक भागाकार मावत नाही.

टाइप_सी

चार्जिंगवाल्या पेनाकडे येतो, सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडतात.

यांचं टोक दीड-दोन मिलिमीटरचं असतं. पेनात बॅटरी अन् छोटी सर्किट, टोकातून बदलता विद्युत इशारा निघतो अन् काचेला वाटतं बोट आलं. वर एक बटण किंवा टचची टिकली, ती दाबल्यावर दिवा लागतो. पाचेक मिनिटं वापरला नाही तर पेन आपोआप झोपतो. "पेन बिघडला" या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

पाहायचं ते असं. याच दिसण्याचे दोन वेगळे पेन विकले जातात. एकावर लिहिलेलं असतं की २०१८ नंतरच्या आयपॅडसाठी, तळवा टेकला तरी चालतो. तो फक्त आयपॅडवर चालतो, अँड्रॉइड फोनवर मेलेला. दुसऱ्यावर अँड्रॉइड, आयओएस दोन्हींसाठी असं असतं. तो आपल्या फोनवर चालतो, पण त्यात दाबानुसार जाड-बारीक रेघ नाही अन् तळव्याची सोयही नाही. काहींत दोन्ही पद्धती असतात अन् बटण दाबून बदलाव्या लागतात. छायाचित्रावर जाऊ नका, कोणत्या फोनला चालतो ती ओळ वाचा. अॅपलची स्वतःची पेन्सिल २०१५ ला आली, ती आजही कोणत्याच आयफोनवर चालत नाही, महागडी असली तरी.

फॉर्म भरायला चार्जिंगवाला पेन घेऊ नका. जाळीच्या टोकानं तेच होतं अन् चार्जिंगची भानगड नाही.

हिंगणघाट_एक्सप्रेस

एस पेन? जुना नोट फोन सेकंडहँड मिळून राहिला, पेनासकट.

सोल्डर_फ्लक्स

सॅमसंगचा एस पेन वेगळ्याच जातीचा. डिस्प्लेच्या मागे अजून एक जाळी असते, तिला डिजिटायझर म्हणतात. ती चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातली गुंडाळी त्यावर जागी होते अन् उत्तर देते. पद्धत वाकॉम कंपनीची. म्हणून लिहायला पेनात बॅटरी लागत नाही, नोट ८ पासून दाबाच्या ४०९६ पातळ्या मिळतात, ओल्या काचेवरही चालतो, अन् पेन जवळ आला की फोन तळव्याकडे दुर्लक्ष करतो. पहिला गॅलेक्सी नोट २०११ चा. पुढे नोटची मालिका थांबली अन् २०२२ च्या एस २२ अल्ट्रापासून पेन त्या फोनच्या पोटात गेला. हाच पेन दुसऱ्या साध्या फोनवर ठेवला तर काही होत नाही, कारण मागे ती जाळीच नसते. "फोनला एस पेन लावून देतो" असं कोणी म्हटलं तर उठून या.

सेकंडहँड घेताना डिस्प्ले बदललेला आहे का ते पेन काढून पाहा. नकली डिस्प्ले बसवताना बरेचदा डिजिटायझरची जाळी लागतच नाही, लागली तरी तिची पट्टी दुमडलेली. बोटाचा टच उत्तम, पेन ठप्प. चारही कोपऱ्यांतून तिरप्या रेघा ओढा, एकही जागा सुटता कामा नये. नोट ५ असेल तर पेन उलटा घालू नका, तो आतच अडकतो अन् काढताना आतली कळ मोडते.

पेनाचाच फोन नवा हवा असेल तर मोटोरोलाने एप्रिल २०२५ मध्ये भारतात एज ६० स्टायलस आणला, अल्ट्रापेक्षा पुष्कळ स्वस्त. चित्रं काढणाऱ्यांनी तिकडे पाहावं. पेरा नोंदवायला इतकं कशाला?

धुऱ्यावरून

घरी करायचा काही उपाय? बाजार आठ दिवसांनी.

जुगाड_अन्_पक्कड

दोन आहेत.

तात्पुरता: कानातली कापसाची काडी घ्या. एका टोकाचा कापूस पाण्यात बुडवून पिळा, ओलसर राहिला पाहिजे, थेंब पडता कामा नये. पोळ्या गुंडाळायचा फॉइल पाच-सहा सेंटिमीटर लांब फाडा अन् काडीभोवती गुंडाळा. फॉइल कापसावर दोन-तीन मिलिमीटर चढलाच पाहिजे, पुढे चार-पाच मिलिमीटर कापूस मोकळा. धरताना बोटं फॉइलवरच. न चालण्याची कारणं तीनच: फॉइल कापसाला टेकला नाही, बोटं काडीवर आहेत, किंवा कापूस वाळला. मे महिन्यात दहा मिनिटांतच वाळतो. पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाकला तर जास्त वेळ ओला राहतो, काच नंतर पुसावी लागते. मीठ घालू नका, काचेवर पांढरं उरतं.

टिकाऊ: जुन्या रेडिओच्या एरियलचा दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा, सहा-सात मिलिमीटर जाडीचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसीची चिप काळ्या फोममध्ये खोचून येते, तो फोम मागा, फुकट देतात. काळाच हवा. गुलाबी फोम दिसायला तसाच पण वीज जवळपास वाहत नाही, त्याने टच लागत नाही. एक सेंटिमीटरचा चौकोन कापा, गोल दाबून नळीत खुपसा, चार मिलिमीटर बाहेर ठेवा, कात्रीनं घुमटासारखा गोल करा. नळीची कड आधी कानशीनं घासून मऊ करा, फोम दबला की तीच कड काचेला लागते. नळीत फेविक्विक टाकू नका, फोम कडक होतो.

शिसपेन्सिलीची टोकं काचेवर फिरवू नका. ग्राफाइट वीज वाहतं म्हणून कधीमधी लागतं, पण त्यातल्या मातीत कण असतात.

वऱ्हाडी_ठसका

कंपवाताच्या माणसाचं सांगा कोणी. हात थरथरतो, एक दाबायले गेलं की चार दबतात.

सिस्टर_उपकेंद्र

आधी सेटिंग. सुलभता किंवा अॅक्सेसिबिलिटीमध्ये "दाबून धरण्याचा वेळ" असतो, तो मोठा करा. सॅमसंगमध्ये वारंवार टच दुर्लक्षित करा असाही पर्याय आहे, थरथरीनं दोनदा लागलेल्यातला दुसरा तो सोडून देतो. अक्षरं अन् बटणं मोठी करा. फोन हातात धरू नका, टेबलावर चार घडीच्या टॉवेलवर ठेवा.

जाड दांडा धरायला बरा पडतो, म्हणून लोक पेनाला सायकलची ट्यूब गुंडाळतात.

जुगाड_अन्_पक्कड

अन् तिथेच पेन बंद पडतो! रबरानं हात अन् दांडा तुटले. ट्यूब गुंडाळायचीच तर वरून फॉइलची बोटभर रुंद पट्टी लांबीनं चिकटवा अन् तिचं एक टोक ट्यूबच्या कडेवरून उघड्या धातूला टेकवा. बोटं पट्टीवर आली पाहिजेत. तोंडात काडी धरून फोन वापरणाऱ्यांसाठीही असंच, टोकापासून पातळ तांब्याची तार आणून मानेला किंवा मनगटाला टेकवावी लागते, कोरडं लाकूड मध्ये असेल तर टच जात नाही.

थरथर जास्त असेल तर पेनाच्या मागे लागण्यापेक्षा ओटीजी जोडणी (फोनला माउस जोडायची छोटी वायर) घ्या अन् संगणकाचा साधा माउस लावा. फोनवर बाण येतो. काही कंपन्यांच्या फोनात ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं अन् दहा मिनिटं काही जोडलं नाही तर ते आपोआप बंद होतं. टच अर्धा मेलेल्या फोनातून फोटो वाचवायलाही हाच उपाय.

टाइप_सी

पेन आला की तपासायची पक्की रीत देतो. फोनबद्दल या पानावर बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारा, डेव्हलपर पर्याय उघडतात. काही फोनांत बिल्ड नंबरऐवजी कंपनीच्या प्रणालीच्या आवृत्तीवर माराव्या लागतात. आत पॉइंटर लोकेशन चालू करा. आता पेन टेकवला की उभी-आडवी रेघ दिसते अन् मागे वाट उमटते. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात अगदी हळू, दहा सेकंद घेऊन तिरपी रेघ ओढा. भरभर ओढली तर सगळेच पेन सरळ दिसतात, हळू ओढल्यावर खरं कळतं. बारीक टोकाच्या चार्जिंगवाल्या पेनाची रेघ दर चार-पाच मिलिमीटरला नागमोडी होते, ते पट्ट्यांमधलं अंतर. थोडी नागमोड चालेल, सही करायला त्याने अडत नाही. मध्येच रेघ तुटून दुसरीकडून सुरू झाली तर पेन परत करा. वरच्या पट्टीत पी अक्षरापुढे किती टच लागले ते दिसतं, एकच पेन टेकवून तिथे दोन आले तर तळवा लागतोय किंवा काच ओली आहे. काम झालं की पॉइंटर लोकेशन बंद करा.

तुरीच्या_शेंगा

पेन हरवू नये म्हणून दोरी बांधावी म्हणतो. चालते का?

जुगाड_अन्_पक्कड

नायलॉनची चालते. टोकावर टोपण ठेवा अन् चाव्यांच्या खिशात टाकू नका, टोक फाटतं.

हिंगणघाट_एक्सप्रेस

नोट पाहिला. पेन चालतो, पण उजव्या कडेला बोटभर पट्टीत रेघ वाकडी जाते.

सोल्डर_फ्लक्स

त्याला चुंबकाचं पाकीट-कव्हर आहे का? चुंबक असेल तिथे एस पेनची रेघ सरकते किंवा गायब होते. कव्हर पूर्ण काढा, टेबलावर स्पीकर असेल तर तोही दूर करा, अन् त्याच कडेला पुन्हा रेघ ओढा. तरीही वाकडी राहिली तर डिजिटायझरची पट्टी पाहावी लागेल, त्यासाठी मागचं झाकण उघडायला लागतं, ते विकणाऱ्यालाच उघडायला सांगा.